वैर आधी लिहा, प्रेम मागाहून

चतुर्थी आटोपली की आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे गोव्याच्या फोंडा भागात, जत्रेच्या नाटकाची बोलणी सुरू होतात आणि कोणी ना कोणी वही घेऊन माझ्या सोप्यावर येऊन बसते. मी कितीतरी वर्षे विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केले, मग लिहायला आणि बसवायला लागले, म्हणून मुले विश्वासाने येतात. वहीत बहुधा एकच गोष्ट असते. दोन घराण्यांचे वैर, मुलगा या घरचा, मुलगी त्या घरची, शेवटी दोघेही जातात. चांदण्यातले संवाद गोड असतात. वैर मात्र एका वाक्यात उरकलेले: “आपल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडवैर आहे!” हे वाक्य ज्याच्या वाट्याला येते तो नट तालमीत पुढचे हमखास विसरतो. त्याला धरायला काही दिलेलेच नसते.

तेव्हा प्रेमाची पाने तूर्त मिटून ठेवा, ती तुम्हाला येतात. आधी वैर लिहा: ते कशावरून आहे, कोण चालवतो आहे आणि त्याने गावातल्या कुठल्या कुठल्या वाटा बंद केल्या आहेत. असल्या नाटकात माणसे मरतात ती एक साधा निरोप वेळेवर पोचवायची सोय वैराने ठेवलेली नसते म्हणून. ही सोय कशी कशी बंद होत गेली ते दाखवणे म्हणजेच नाटक लिहिणे.

घरे तोलामोलाची घ्या

शेक्सपियरने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्याच ओळीत सांगून टाकले आहे की दोन्ही घराणी प्रतिष्ठेने सारखी. लोक ही ओळ ऐकून सोडून देतात, पण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आमच्या मुलांना भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, मुलगी आणि मुंडकाराचा, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा, मुलगा फार आवडतो. लिहा, जरूर लिहा. 1975 चा मुंडकार कायदा येण्याआधीच्या गोव्यात त्या नाटकाला भरपूर ऐवज आहे. पण ते वैराचे नाटक नव्हे. तिथे एकाचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर असते, एक दाबतो, दुसरा दबतो, आणि कोणाची बाजू घ्यायची हे प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशातच कळते. वैराच्या नाटकात ते कळता कामा नये. दोन्ही घरांचे भाट, म्हणजे बागायती जमिनी, सारखे, देवळात दोघांचा शब्द सारखा, कोर्टात दोघांचे वकील सारखेच महागडे. कोणी निर्णायक हरत नाही म्हणूनच भांडण संपत नाही. हिंदू मुलगी आणि ख्रिस्ती मुलगा हेही वेगळे नाटक. तिथे दोन घरांच्या मागे दोन समाज येऊन उभे राहतात आणि घरे दिसेनाशी होतात.

भांडणाला हात लावता आला पाहिजे

वैराची वस्तू अशी हवी की नेपथ्यवाल्याला ती बांधून देता येईल. एक उदाहरण घेऊन चालू. डोंगराच्या कुशीतले गाव, कुळागर म्हणजे सुपारी-माडांची बागायत, वरचे घर आणि खालचे घर. दोघांच्या सुपारीला एकाच झरीचे पाणी एकाच पाटाने येते, पाळ्या ठरलेल्या. वरच्या घराने रात्री दगड लावून पाट वळवला की खालच्या घराची झाडे ऐन एप्रिलमध्ये माना टाकतात. झाले. रंगमंचावर एक पाट आणि एक दगड. पहिल्या प्रवेशात एकाने तो दगड सरकवला, दुसऱ्याने येऊन परत होता तिथे ठेवला आणि दोघे एकमेकांकडे न बघता निघून गेले, की हाडवैर हा शब्द कोणाला उच्चारावा लागत नाही.

पाणी नको असेल तर पालखी घ्या. जत्रेत पहिला खांदा कोणाचा, गाऱ्हाण्यात आधी नाव कोणत्या घराचे, देवीची ओटी आधी कोण भरणार. असली भांडणे कोर्टापर्यंत गेलेली गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहेत, नावे घेत नाही. पालखीच्या वैराची एक सोय अशी की ते कधी उकळणार त्याची तिथी पंचांगातच छापलेली असते. लेखकाला वेगळे निमित्त शोधावे लागत नाही.

तिसरी वस्तू मुलांना कधी सुचत नाही आणि मला सर्वांत आवडते: वाटणी. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याने घालून दिलेली रीत गोव्यात अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते. मुलगी आणि मुलगा सारखेच वारस. आणि बापाला राग आला म्हणून पोटच्या पोराला सगळ्यातून उठवता येत नाही. निम्मी मालमत्ता वारसांसाठी राखीवच असते. आता हे दोन वैरी घरांच्या मध्ये ठेवून बघा. वरच्या घरच्या मुलीने खालच्या घरात लग्न केले तर उद्या वरच्या घराच्या वाटणीच्या कागदावर खालच्या घरच्या जावयाची सही लागणार. ज्या पाटासाठी आजोबांनी जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्या पाटात वैऱ्याचा नातू वाटेकरी. अशा बापाला सिनेमातल्यासारखे ओरडायची गरज नाही. तो पानाला चुना लावता लावता एवढेच विचारील, “बाय, उद्या आमच्या कागदावर त्याची सही घ्यायची?”

रोमिओ-ज्युलिएटच्या वेरोना शहरातला, ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट मुलीला सांगू शकतो की लग्नाला हो म्हण, नाहीतर रस्त्यावर भीक माग, उपाशी मर, माझे काही तुला मिळणार नाही. आमच्या बापाला कायद्याने ही पळवाट ठेवलेली नाही. म्हणून तो जास्त गोड लिहा. गोड बोलणारा बाप रंगमंचावर जास्त भीतीदायक होतो.

मूळ कारण सांगायचे की नाही? शेक्सपियर सांगत नाही. जुना आकस आहे आणि कुठल्याशा पोकळ शब्दावरून गावात तीनदा मारामारी झाली, एवढेच आपल्याला कळते. स्पॅनिश नाटककार लोर्का उलट करतो. त्याचे ‘ब्लड वेडिंग’ 1933 मध्ये माद्रिदला रंगमंचावर आले. त्यात सुरुवातीलाच नवरदेव द्राक्षे कापायला सुरी मागतो आणि आई सुरीच्या नावानेच बोटे मोडायला लागते, कारण तिचा नवरा आणि एक मुलगा फेलिक्स घराण्याच्या माणसांनी मारलेले आहेत. दोन्ही तऱ्हा चालतात. चालत नाही ती मधली: दुसऱ्या अंकात आजोबांनी आरामखुर्चीत बसून सांगितलेली पूर्वपीठिका. त्या वेळी समोरचे अर्धे लोक चणे-शेंगदाणे आणायला उठतात, विंगेतून सगळे दिसते. माझा कल शेक्सपियरकडे आहे. सवय दाखवा, कारण ठेवा गुलदस्त्यात. दोन घरांनी दोन वेगवेगळी कारणे सांगितली आणि दोन्ही खरी वाटली तर उत्तमच.

वैराला नोकरचाकर असतात

वेरोनात पहिली मारामारी मालक करत नाहीत. सॅम्सन आणि ग्रेगरी हे कॅप्युलेटचे नोकर अंगठा चावून दाखवतात आणि तिथून तलवारी निघतात. मालक मागाहून धावत येतात. म्हातारा कॅप्युलेट तर पुढच्याच प्रवेशात म्हणतो की आमच्या वयाच्या माणसांना शांत राहायला काही कठीण नाही. घरच्या मेजवानीत रोमिओ ओळखला जातो तेव्हा घरातल्या तापट टिबॉल्टला दटावून गप्प बसवणाराही तोच. म्हणजे वडील थकलेले आहेत, आणि तरी वैर चालूच आहे. मग ते कोण चालवतो? ज्याला त्यातून काही मिळते तो.

आमच्या गोष्टीत तो वरच्या घरचा चुलत भाऊ. वाट्याला जमीन थोडी, नोकरी नाही, लग्न जमत नाही. पण रात्री बॅटरी घेऊन पाट राखायला जातो म्हणून घरात पहिला चहा त्याच्या हातात येतो. वैर मिटले तर त्याला कोण विचारणार? त्याला खलनायक करू नका, मिशा लावू नका, त्याला हा पहिला चहा द्या. ज्युलिएटच्या आधी टिबॉल्टचे एक पान लिहून बघा, नाटकाला कणा येतो.

निरोप्याही वैरातूनच शोधा. दोन्ही भाटांत नारळ पाडायला चढणारा पाडेली एकच असतो. माडाच्या शेंड्यावरून त्याला दोन्ही अंगणे दिसतात, आणि दोन्ही घरांची मजुरी राखायची म्हणून तो कोणाचे काही बोलत नाही. प्रेमाची चिठ्ठी त्याच्याच कमरेला जाणार. आणि घरात एक आत्या ठेवा. ज्युलिएटची दाई आठवा: आदल्या रात्री दोराची शिडी आणून देणारी तीच बाई, रोमिओ हद्दपार झाल्यावर म्हणते की बापाने ठरवलेला नवरा पॅरिस काय वाईट आहे. आत्याही असेच म्हणेल, “झाले गेले विसर गो, डिचोलीचे स्थळ चांगले आहे.” ती हे मायेने म्हणते, म्हणून तर मुलगी त्यानंतर कोणाला काही सांगत नाही. आणखी एक वाट बंद.

आता त्यांना भेटवा

शेक्सपियरचे दोघे मुखवट्यांच्या मेजवानीत भेटतात आणि एकमेकांची घराणी त्यांना मागाहून कळतात. आमच्या गावात हे जमायचे नाही. इथे शेजाऱ्याच्या कुत्र्याचेही कूळ सगळ्यांना ठाऊक. तेव्हा ओळख असूनही बोलणे नाही, अशा दोघांना बोलायची मुभा कुठे मिळते ते शोधा. शिगमोत, दिवजांच्या म्हणजे बायकांच्या दिव्यांच्या जत्रेत, किंवा मला विचाराल तर नाटकाच्या तालमीत. जत्रेच्या नाटकात दोन्ही घरांचा मान, म्हणून मंडळाला दोन्हीकडची मुले घ्यावी लागतात. ती दोघे आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात ते दुसऱ्याच्या लेखणीतून आलेले संवाद. दोन्ही घरांचे वडील समोर बसून माना डोलावतात.

तालीम कुठल्या नाटकाची? ‘सौभद्र’ची. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 1882 चे हे नाटक गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बळरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचे ठरवले आहे, अर्जुन यती होऊन येतो आणि बळरामच त्याला भक्तिभावाने घरी आणून बसवतो. सामान सगळे तेच आहे: थोरल्याचा हट्ट, लपवलेली ओळख, गुप्त बेत. पण तिथे बेत करणारा श्रीकृष्ण आहे. वेरोनात बेत करतो एक भला पाद्री, ज्याला झाडपाल्याचे ज्ञान आहे आणि पुढचे काही दिसत नाही. शोकांतिका लिहिताना मदत करणारा माणूस भला ठेवा, त्याचा बेत हुशारीचा ठेवा, त्याला देवपण तेवढे देऊ नका. आणि पहिला अर्धा भाग ‘सौभद्र’सारखाच हसरा जाऊ द्या. वेरोनातही तिसऱ्या अंकात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ पडेपर्यंत बरेचसे विनोदी नाटकच चालू असते. तो दोन्ही घराण्यांपैकी कुठलाच नाही आणि पहिला बळी त्याचा. असा एक मित्र तुमच्याकडेही हवा, गावाला आवडणारा, तबल्यावर बसणारा.

घड्याळ आणि अपघात

शेक्सपियरने गोष्ट घेतली ती आर्थर ब्रूकच्या 1562 च्या काव्यावरून. ब्रूककडे ती महिनोन्‌महिने चालते. शेक्सपियरने रविवार ते गुरुवार एवढ्यात कोंबली. वर कॅप्युलेट लग्न गुरुवारवरून बुधवारवर ओढतो आणि पाद्र्याचा बेत तिथेच लंगडा होतो. आमच्या कुळागराच्या गोष्टीला ऋतू लागतात, म्हणून पहिले दोन अंक ऐसपैस चालू देत: थंडीत तालमी, एप्रिलमध्ये सुकलेला पाट. तिसरा अंक मात्र तीन दिवसांत बसवा.

घड्याळ आपला कायदाच पुरवतो. देवळामागे गुपचूप हार घालून गोव्यात भागत नाही. नागरी नोंदणी कार्यालयात आधी लग्नाच्या इराद्याची सही, मग हरकतींसाठी नोटीस, काही दिवसांनी दुसरी सही. मुले म्हणतात, मॅडम, यामुळे गुप्त लग्नाची गंमत गेली. अहो, गंमत आली! दोन सह्यांच्या मधले दिवस, भिंतीवर दोन घरांची नावे शेजारी शेजारी, आणि उताऱ्यासाठी रांगेत उभा असलेला गावचा कोणीतरी सहज मान वर करून वाचतो.

मोबाइलचे काय करायचे, हा प्रश्न दरवर्षी येतो. रेंज गेली, बॅटरी संपली असले काही लिहू नका, लोक हसतात. एक तर फोन असूनही उचलला जात नाही अशी वेळ आणा, नाहीतर काळ मागे न्या. मी म्हणेन 1986. त्या वर्षी 5 जुलैला, शनिवारी, मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. आमच्या पिढीला अजून आठवतो, त्यामुळे प्रेक्षागृहात नुसते ‘पूल पडला’ म्हटले तरी पुरे. मुलाला घरच्यांनी मांडवीपलीकडे म्हापशाला मामाकडे पाठवलेला. दुसरी सही सोमवारी फोंड्यात. मुलीला कळते की नोटीस घरात फुटली, चुलत भाऊ ऑफिसपाशी थांबणार. ती पाडेल्याला पाठवते: सोमवारी येऊ नको, मीच म्हापशाला येते. पाडेली पणजीत फेरीबोटीच्या गर्दीत, पावसात अडकतो. वेरोनातल्या पाद्र्याचा निरोप्या फ्रायर जॉन याला प्लेगच्या संशयावरून घरात कोंडतात आणि पत्र मँटुआला, हद्दपार रोमिओकडे, पोचत नाही, त्याची जागा इथे नदीने घेतली. सोमवारी सकाळी एक फेरी पलीकडच्या बेतीहून सुटते, एक पणजीहून. एकीत तो, दुसरीत ती.

इथे एक धोका आहे. नुसता पूल पडून माणसे मेली तर ती दुर्घटना झाली, नाटक झाले नाही. प्रेक्षकाच्या मनात प्रश्न आला पाहिजे: मुलीला एकच निरोप्या का होता? शेजारी फोन नव्हता? होता, पण तो खालच्या घराच्या माणसाचा. शाळेचे मास्तर सांगायला गेले नसते? गेले असते, पण गेल्या वर्षी पालखीच्या भांडणात त्यांनी एक बाजू घेतली. या सगळ्या वाटा पहिल्या दोन अंकांत एकेक करून प्रेक्षकासमोर बंद झालेल्या असतील तरच पूल पडायचा तुम्हाला अधिकार. आणि जुलै आहे, पाट भरून वाहतो आहे, दोन्ही घरांना पुरून उरेल एवढे पाणी. हे कोणाच्या तोंडी घालू नका, मागे आवाज तेवढा असू द्या.

कोण मरायचे? दोघांनी मेलेच पाहिजे असा नियम नाही. लोर्काकडे दोन्ही पुरुष मरतात, नवरी जिवंत राहते आणि मेलेल्याच्या आईच्या दारात जाऊन उभी राहते. एप्रिल येईल, पाळी लागेल, आणि ती त्याच पाटाकाठी असेल, हा शेवट मला विषाच्या बाटलीपेक्षा कठोर वाटतो. आमच्या प्रेक्षकांना मात्र दोन म्हाताऱ्यांची गळाभेट हवी असते, ऑर्गनसकट. देऊ नका. वेरोनातला समेट नीट वाचा: रोमिओचा बाप माँटेग्यू म्हणतो मी ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारीन, लगेच कॅप्युलेट म्हणतो मग मी रोमिओचा तसाच. पोरांची प्रेते समोर आणि दोघे पुन्हा तोलामोल करताहेत. आमचे दोघे देवळाला समया देतील. पहिला पाच थरांची देईल, दुसरा विचारील, किती थरांची?

वही पुरी झाली की एक परीक्षा करा. प्रेमाचे सगळे प्रवेश काढून उरलेले वाचा. भांडण आपल्या पायांवर चालते का ते बघा. मग ते परत घालून वैराचे सगळे प्रवेश काढा. प्रेमाचे प्रवेश तरीही जसेच्या तसे उभे राहत असतील तर वही पुन्हा घरी न्या.

तालमीही त्याच क्रमाने घ्या. मुलांना चांदण्याचा प्रवेश आधी हवा असतो. दगड सरकवण्याचा प्रवेश आधी बसवा, आठवडाभर तोच. चुलत भावाच्या कामाला मंडळातला सर्वांत चांगला नट द्या, नायकाला नको. दगड थर्मोकोलचा करू नका, चिऱ्याचाच आणा, उचलताना नटाला दम लागू दे. आणि नाटक पहाटेपर्यंत ताणू नका. दोनच्या आत पडदा पडला तर बरे, नाहीतर शेवटच्या अंकाला समोर फक्त देवळाचे भट आणि चण्याची गाडीवाला उरतात, आणि त्यांनी ते तालमीतच पाहिलेले असते.